मारतो पण आणि मार पण खातो

शाळेतल्या मारामारीची कंप्लेंट आली की आपण मोठी माणसं पहिलं काम काय करतो तर दोन रांगा लावतो, इकडे मारणारा आणि तिकडे मार खाणारा. एकाला झापायचं, दुसऱ्याला जवळ घ्यायचं, विषय संपला, सगळे आपापल्या कामाला मोकळे. पण वर्गात एखादं पोर असं निघतंच ज्याला दोन्ही रांगांत उभं करावं लागतं आणि मग सगळ्यांची पंचाईत होते. जवळ घ्यावं तर कालच त्याने कोणाचा तरी हात पिरगाळलेला असतो, झापावं तर आज त्याच्याच शर्टाची बटणं तुटलेली असतात. शेवटी त्याच्या वाट्याला झापणंच येतं, कारण ते पटकन होतं.

मी ठाण्यात वर्तकनगरला घरीच क्लास घेते, पाचवी ते आठवी, गणित सायन्स इंग्लिश. म्हणजे मी शाळेची पण नाही आणि घरची पण नाही, त्यामुळे पोरं जे दोन्हीकडे बोलत नाहीत ते माझ्याकडे भूमिती सोडवता सोडवता बोलून जातात. बीएडला सायकॉलॉजी होतं, ते तेव्हा परीक्षेपुरतं घोकलेलं, खरं वाचायला लागले ते क्लासमधल्या एकेका नमुन्यामुळे. आज ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला आपण बंड्या म्हणूया. सातवीत आहे. ओळखीच्या गोष्टी बदलल्यात आणि त्याच्या आईला विचारून लिहितेय, तेव्हा हा नक्की कोण म्हणून शोधत बसू नका.

बंड्याच्या वर्गात काय चालतं ते मला बंड्याने नाही सांगितलं, त्याच्याच वर्गातली एक मुलगी माझ्याकडे येते तिने सांगितलं, आणि ते पण क्रिकेट मॅचची कॉमेंट्री केल्यासारखं. मागच्या बाकावरचा एकजण पेनचं बटण दाबतो, टक टक, दोनदा. मग त्याच्या बाजूचा. मग खिडकीजवळचा. कोणी काही बोलत नाही, हसत पण नाही, सगळ्यांच्या माना वहीत. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या टीचरला फक्त पेनांचा आवाज येतोय, त्यात काय एवढं. बंड्याला मात्र माहितीये की हे त्याच्यासाठी आहे. त्याचे कान लाल व्हायला लागतात, ते मागून दिसतं म्हणे. मग कोणीतरी अगदी हळू म्हणतं, "बिब्बा". चिडका बिब्बा मधला बिब्बा. आणि मग कंपास बॉक्स उडतो, बाक सरकतो, किंचाळणं, आणि टीचर वळतात नेमक्या त्याच क्षणी. त्यांना काय दिसतं? एक मुलगा दुसऱ्याच्या अंगावर धावून गेलाय. डायरीत रिमार्क, बाहेर उभा राहा. "आज कितव्या पिरेडला फुटणार" यावर वडापावच्या पैजा लागतात, हे सांगताना ती मुलगी पण हसत होती, आणि ती मुलगी वाईट अजिबात नाही, अभ्यासू आहे, कोणाच्या अध्यातमध्यात नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावर पुढे येते.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल बिचारा बंड्या. शाळा घोडबंदर रोडला, कासारवडवलीकडे. वर्तकनगरची पोरं व्हॅनने जातात आणि ती व्हॅन कापूरबावडीला अडकली की अडकली, मेट्रोच्या कामाने एवढी वर्षं त्या रस्त्याची वाट लावलीये ते ठाणेकरांना मी वेगळं सांगायला नको. व्हॅनमध्ये बसू नयेत तेवढी पोरं, दप्तरं मांडीवर, काका पुढे हॉर्न मारतायत, मागे काय चाललंय बघायला कोणी नाही. तिथे बंड्या राजा असतो. तिसरीतला एक बारका पोरगा आहे, त्याची पाण्याची बाटली घ्यायची, तोंड लावून अर्धी संपवायची, उरलेलं त्याच्या सॉक्सवर ओतायचं. खिडकीची जागा हवी असेल तर "मी माकड आहे" असं तीन वेळा म्हण. तो म्हणायचा. रडला तर आणखी तीन वेळा. हे कोणी चिडवलं म्हणून केलेलं नाही, त्या पोराने बंड्याचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं, आणि बंड्याला त्यात मजा येत होती हे पण खरं. त्या तिसरीतल्याचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं, त्याच्या आईने व्हॅनच्या ग्रुपवर जे काय लिहिलं ते कडक होतं आणि तिच्या जागी मी असते तर मी पण तेच लिहिलं असतं. कोणाच्या मनात किती दुःख आहे याचा हिशोब तिसरीतल्या पोराने आपल्या ओल्या सॉक्समध्ये का चुकता करावा.

तर असा हा बंड्या. संशोधनात अशा मुलांना बुली-व्हिक्टिम म्हणतात, म्हणजे त्रास देणारा पण आणि सोसणारा पण, सरळसाधं नाव. यांच्याकडे नीट लक्ष दिलं ते डॅन ओल्वेयस या माणसाने, जन्माने स्वीडिश, नंतर नॉर्वेत बर्गनला स्थायिक झाला, 1970 च्या दशकात शाळेतल्या दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणारा हाच. त्याच्या आधी हा विषय म्हणजे "मुलं आहेत, भांडणारच" या खात्यात जमा होता. ओल्वेयसने व्याख्या घालून दिली ती आजही वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो, आणि देणाऱ्याची ताकद जास्त असते. ताकद म्हणजे फक्त अंगातली नाही, बाजूने किती पोरं आहेत ती पण. बंड्या अंगाने आडदांड आहे, ज्यांच्याकडून तो रडकुंडीला येतो ती पोरं काडी पैलवान आहेत, पण त्यांच्याकडे पेनं जास्त आहेत. मार खाणाऱ्यांत पण ओल्वेयसने दोन प्रकार केले होते, एक गप्प राहणारे आणि दुसरे चिडून उसळणारे, ज्यांच्या उसळण्यामुळेच पुढच्यांना आणखी चेव येतो.

त्याचंच आणखी एक निरीक्षण होतं की येण्याजाण्याच्या वाटेपेक्षा शाळेच्या आतच हे जास्त होतं. बरोबर असेल. पण नॉर्वेची पोरं कापूरबावडीच्या जाममध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून शाळेत जात नसावीत.

आकड्यांचं बोलायचं तर 2001 मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा सर्व्हे आला होता, टोन्या नॅन्सेल आणि सहकाऱ्यांचा, सहावी ते दहावीची 15,686 मुलं. त्यात मधूनमधून किंवा वारंवार दुसऱ्यांना त्रास देणारे 13 टक्के, त्रास सोसणारे 10.6 टक्के, आणि दोन्ही करणारे 6.3 टक्के. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण तीनचार बंड्या. अमेरिकेचा आकडा आहे, जसाच्या तसा आपल्याकडे लावू नका, पण कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारा, नावं लगेच मिळतील.

मला त्यात आकड्यापेक्षा पुढचं जास्त भिडलं. नुसते त्रास देणारे जे होते त्यांना मित्र मिळवायला अडचण नव्हती, त्यांचा प्रॉब्लेम दारू, सिगरेट, अभ्यास वगैरे. नुसते सोसणारे एकटे पडलेले, मैत्री जमत नाही, पण बाकी उद्योग नाहीत. आणि दोन्ही करणारे? त्यांच्याकडे दोन्ही यादीतलं सगळं. एकटेपण पण आणि मारामाऱ्या पण, मित्र नाहीत आणि अभ्यासाची पण बोंब. नंतर 2003 मध्ये याना युवोनेन यांनी लॉस एंजेलिसच्या सहावीतल्या 1,985 मुलांवर काम केलं, तिथे तर असं दिसलं की नुसते दादा लोक मनाने बऱ्यापैकी खुशीत आहेत, वर्गात त्यांचा रुबाब आहे (हे वाचून मला फार चीड आली पण आहे ते आहे), सोसणारे दुःखी आहेत, आणि सगळ्यात वाईट अवस्था या मधल्यांची, वागण्याच्या तक्रारी, शाळेशी बिनसलेलं, सोबतच्या पोरांनी वाळीत टाकलेलं, सगळं एकाच ठिकाणी.

म्हणजे बघा, जो दादा आहे त्याला निदान त्याचा फायदा होतो. बंड्याला दादागिरीचा रुबाब मिळत नाही आणि मार खाण्याची सहानुभूती पण मिळत नाही. तो कधी खरी तक्रार घेऊन गेला तर टीचर म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. एकदा तो माझ्याकडे आला तेव्हा मानेवर कर्कटकाच्या टोकाचा ओरखडा होता, चांगला लालबुंद. मी विचारलं शाळेत सांगितलंस का, तर म्हणाला, "सांगून काय, मॅम विचारणार तू काय केलंस आधी." आणि गंमत म्हणजे मॅम चूक पण नाहीत, आधी काहीतरी केलेलं असतंच.

लहानपणीचं लहानपणी राहतं, मोठा झाला की सुधारेल, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. याचं उत्तर शोधायला वेळ लागतो, मुलं मोठी व्हायची वाट बघावी लागते, आणि ते काम झालंय. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातल्या 1,420 मुलांना वयाच्या नऊ ते सोळा वर्षांपर्यंत वरचेवर भेटून प्रश्न विचारले आणि नंतर ती 26 ची होईपर्यंत गाठलं, विल्यम कोपलँड आणि डिटर वोल्के वगैरेंचा तो पेपर 2013 चा. घरची गरिबी, घरातली भांडणं, आधीपासून असलेले मानसिक त्रास, हे सगळं हिशोबात धरून वजा केल्यावरसुद्धा लहानपणी दोन्ही बाजूंना असलेल्यांत तरुणपणी डिप्रेशन आणि पॅनिकचे झटके जास्त दिसले, मुलींमध्ये घराबाहेर गर्दीत जायची भीती, मुलांमध्ये आत्महत्येचे विचार. नुसते सोसणारे होते त्यांच्यात पुढे अँग्झायटी दिसली. हे वाचून घाबरून जायचं कारण नाही, धोका जास्त म्हणजे प्रत्येकाचं तसं होणार असं नाही, पण "सुधारेल आपोआप" यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आता असं का होतं. यात माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे केनेथ डॉज यांचा 1980 चा एक प्रयोग. मुलाला एक जिगसॉ पझल करायला दिलं, बक्षीस लावलं, अर्धं झाल्यावर त्याला बाहेर नेलं, आणि मग स्पीकरवरून त्याला ऐकवलं की शेजारच्या खोलीतला एक मुलगा त्याचं पझल बघतोय आणि ते विस्कटतं. काही मुलांना असं ऐकवलं की त्याने मुद्दाम विस्कटलं, काहींना असं की बिचारा मदत करायला गेला आणि मोडलं, आणि काहींना असं की काहीच कळू नये, नुसतं पडल्याचा आवाज. मग त्या दुसऱ्या मुलाचं पझल याच्यासमोर ठेवून याला एकट्याला सोडलं. मुद्दाम केलं हे स्पष्ट होतं तिथे सगळीच चिडली, चुकून झालं तिथे सगळ्यांनीच सोडून दिलं. फरक पडला तो मधल्यात. जिथे कळत नव्हतं तिथे शांत मुलांनी चुकून झालं असेल असं धरलं आणि वर्गात मारकुटी म्हणून नाव असलेल्या मुलांनी मुद्दामच केलं असं धरून पुढच्याचं पझल मोडलं.

बंड्याचा सगळा दिवस त्या मधल्यातच जातो. क्लासमध्ये बाजूच्या मुलीचं कोपर लागून त्याची वही खाली पडते आणि हा उठून उभा, "मुद्दाम केलंस!" ती घाबरून माझ्याकडे बघते. पण त्याच्या बाजूने विचार केला तर दिवसभर ज्याच्यासाठी पेनं टकटकतायत त्याला प्रत्येक टकटक आपल्यासाठीच वाटणार ना. त्याचा अंदाज दहातल्या सात वेळा बरोबर निघतो हाच तर घोळ आहे. उरलेल्या तीन वेळा तो निरपराध माणसाला मारतो आणि मग त्या माणसाचे मित्र पण पेनवाल्यांना जाऊन मिळतात.

हे मी त्याच्या आईला सांगत होते. ती फी द्यायला आलेली, सोफ्याच्या कडेला बसली होती, चहा नको टीचर, भाजी घ्यायचीये अजून, असं म्हणत अर्धा तास बसली. मधेच म्हणाली, "टीचर, तुम्हीच सांगा, मार खाऊन यायचं का मग त्याने? ह्याचे बाबा म्हणतात रडत आलास तर घरात पण खाशील. एक ठेवून दे म्हणतात, पुन्हा वाट्याला जाणार नाही कोणी."

हे वाक्य मी किती आईबापांकडून ऐकलंय. शिकलेले, आयटीतले, बँकेतले, सगळे. आणि ज्यांना हा सल्ला लागू पडला असे लोक भेटतात पण, "मी एकदा दिली ठेवून, परत नाही आला", असं छाती काढून सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत एक असतात. पण नीट बघा, तो सल्ला कोणाला लागू पडतो? ज्याचं डोकं थंड आहे, चार मित्र पाठीशी आहेत, आणि जो एकदाच मारून थांबू शकतो त्याला. जो तापट आहे आणि एकटा आहे त्याने हात उचलणं म्हणजे समोरच्यांचं तिकीट वसूल. त्यांना तेच तर बघायचं असतं. आणि शिवाय घरी जे शिकवलं ते कुठेतरी तर वापरायला हवं, पेनवाल्यांवर चालत नाही, मग व्हॅनमध्ये तिसरीतला आहेच.

"घरात पण खाशील" हे तर त्याहून वाईट. 2013 मध्येच वोल्के यांच्या टीमने 70 अभ्यास एकत्र करून पाहिले, घरचं वागणं आणि शाळेतला त्रास यांचा संबंध काय. घरात मारहाण, दुर्लक्ष, सारखं घालूनपाडून बोलणं असेल तर मूल शाळेत सोसणारं होण्याचा धोका वाढतो, आणि दोन्ही बाजूंचं होण्याचा आणखी जास्त वाढतो. प्रेमाने पण लक्ष ठेवणारे आईबाप असतील तर कमी होतो. अति जपणं पण काही कामाचं नाही, ते पण त्यात दिसलं, प्रत्येक भांडणात आई मधे पडली की पोराला स्वतःचं स्वतः निस्तरायची सवयच लागत नाही. बंड्याचे बाबा राक्षस नाहीत हो, रिक्षाने स्टेशन, 7:40 ची फास्ट, रात्री नऊला घरी, आणि दारात उभं राहून ऐकायचं काय तर आज पुन्हा शाळेतून फोन. त्यांचा हात उठतो. पण बंड्याच्या डोक्यात त्यातून एवढंच जातं की ज्याचा आवाज मोठा तो बरोबर.

आता त्या अभ्यासू मुलीवर येते. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये दाखवलं की दादागिरी दोघांत होतच नाही, ती अख्ख्या वर्गात होते. एक सुरू करणारा, त्याचे हस्तक, मग नुसतं हसून चढवणारे, मग मान वळवून लांब राहणारे, आणि थोडे मधे पडून वाचवणारे. त्यावरूनच दादागिरी थांबवायचा त्यांचा किवा नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि 2009 पासून फिनलंडभर शाळांत गेला, त्याचा मुख्य रोख बघ्यांवर आहे. हसणारे हसायचे थांबले की सुरू करणाऱ्याची मजा जाते. बंड्याच्या केसमध्ये हे मला सगळ्यात पटतं कारण वर्गात पहिलं पेन वाजवणारा एकच आहे, पण बाकीची पेनं वाजली नाहीत तर तो नुसताच एक पेन दाबणारा मुलगा उरतो. त्या मुलीला मी सरळ म्हटलं, तुझं पेन वाजवू नकोस, बस एवढंच, बंड्याची मैत्रीण हो असं नाही म्हणत मी. ती म्हणाली, "टीचर मी तर फक्त दोनदाच वाजवलंय." दोनदा तर दोनदा.

आणि मोबाईल आल्यापासून हे शाळा सुटल्यावर पण सुटत नाही. बंड्याच्या रडवेल्या चेहऱ्याचं स्टिकर आहे, क्लासमेट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "गुड मॉर्निंग" ला पण ते येतं. बंड्याने पण गप्प न बसता दुसऱ्याच एका जाड्या मुलाचं स्टिकर बनवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या ग्रुपवर त्याला हसणारे इमोजी मिळाले, तो मला कौतुकाने दाखवत होता. मला तो स्क्रीनशॉट बघून पोटात ढवळलं, कारण त्याचा चेहरा खरंच खुललेला होता. वर्गात मान मिळायचा हाच एक रस्ता त्याला सापडलाय.

मग करायचं काय. माझ्यापुरतं क्लासमध्ये मी दोनचार गोष्टी करते. "मुद्दाम केलं" असं ओरडला की मी विचारते, मुद्दाम, चुकून, की माहीत नाही? तिसरा पर्याय असतो हे त्याला आधी ठाऊकच नव्हतं. आता कधीकधी रागारागात का होईना "माहीत नाही" म्हणतो आणि खाली बसतो. कधीकधी. परवाच एकाची पट्टी मोडली, तेव्हा चमत्कार वगैरे काही झालेला नाही. सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला मी लावत नाही, ते सॉरी म्हणजे पेनवाल्यांसाठी फुकटचा शो. दोघांना समोरासमोर बसवून "हात मिळवा आता" पण नाही, ज्याची बाजू कमजोर तो मोठ्यांसमोर हात मिळवतो आणि जिन्यात त्याचा हिशोब होतो. वेगवेगळं बोलायचं, आधी मार खाल्ल्याचं ऐकायचं, मग मारल्याचं विचारायचं, आणि एकाने दुसरं माफ होत नाही हे दोन्हीकडून सांगायचं. तिसरीतल्याला नवीन बाटली बंड्याच्या खाऊच्या पैशातून आली, हे त्याच्या आईने केलं, मला फार आवडलं.

शाळेच्या पातळीवर पण काही गोष्टी व्हायला हव्यात. कंप्लेंट लिहून देताना पालकांनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहाव्यात, माझ्या मुलाने हे केलंय आणि माझ्या मुलाला हे होतंय, तारखांसकट. नाहीतर शाळेत दोन वेगळ्या फाइली होतात आणि जाडी फाइल तेवढी उघडली जाते. आणि वर्गाबाहेर उभं करणं, "हा असलाच" म्हणून सगळ्यांपुढे अपमान करणं, हे तर 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्येच बसत नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला त्यात मनाई आहे. ज्याला कायद्यानेच मनाई आहे ते टीचरने केलं की बाकीच्या पोरांना लायसन्सच मिळतं.

काउन्सेलरचं नाव काढलं की मात्र ठाण्यात एक वेगळीच अडचण आहे. आपल्या गावाचं मेंटल हॉस्पिटल 1901 पासून इथे आहे आणि अख्ख्या महाराष्ट्रात "याला ठाण्याला भरती करा" हा जोक चालतो, ठाण्यातच राहणाऱ्या पोरांना तर तो जन्मजात येतो. बंड्याला शाळेच्या काउन्सेलरकडे पाठवलं त्याच दुपारी वर्गात "भरती झाला रे" सुरू. आईने मग पाठवणंच बंद केलं. मी तिला म्हटलं, अहो याच ठाण्यात आयपीएच 1990 पासून काम करतेय, डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था, शेजारीपाजारी कितीतरी घरातली माणसं जाऊन आलेली असतात, फक्त बोलत नाहीत. शाळेच्या आवारात नको असेल तर बाहेर जा, पोरांना कळायचं कारणच नाही. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. मुलगा "मला जगायचंच नाही" असं काहीही बोलला, रागात बोलला, नाटक वाटलं तरी, ते नाटक आहे का नाही हे आपण घरात बसून ठरवायचं नाही. बंड्या असं काही बोललेला नाही, पण मी त्याच्या आईला नंबर सेव्ह करायला लावलेत.

दिवाळीनंतर तिने विचारलं, टीचर, शाळाच बदलू का? मला हा प्रश्न अवघड वाटतो. वर्गात एकदा नाव पडलं की ते पुसणं कठीण, नवीन जागी कोरी पाटी मिळते, हे खरंय. पण वर्तकनगरची पोरं सगळ्याच शाळांत आहेत, स्टिकर त्याच्या आधी पोचेल, आणि उसळायची सवय तर दप्तरातूनच सोबत जाणार. वर्षाच्या मध्यात तर मी नकोच म्हटलं. तूर्तास एवढं झालंय की व्हॅनमध्ये तो पुढे काकांच्या बाजूला बसतो, वर्गात पहिल्या बाकावर आलाय म्हणजे कान लाल झालेले टीचरना समोरून दिसतात, आणि ग्रुपमधून तो आणि त्याचं स्टिकर बनवणारा दोघंही बाहेर आहेत, ॲडमिन असलेल्या मुलाच्या वडिलांनी स्वतः लक्ष घातलं. बाबा अजून काउन्सेलरकडे जायला तयार नाहीत, त्यांच्या मते हे सगळं लाडाचं लक्षण आहे. पण शनिवारच्या ओपन हाउसला येतो म्हणालेत, हाफ डे टाकून, आणि तारखांचा तो कागद आई त्यांच्याच हातात देणारे.